सहा महिन्यांची अमेरिका, नव्वद दिवसांचं सिम



परदेशी निघालेल्या घरात आठवडाभर आधीच वजनकाटा बाहेर येतो. २३ किलोची एक बॅग, २३ किलोची दुसरी. गोडा मसाला, मेतकूट, डिंकाचे लाडू, नातवासाठी झबली, सगळं तोलूनमापून भरलं जातं. खिशातल्या पावशेरभर फोनकडे मात्र कुणी बघत नाही. पेन्शनचं खातं, मुदत ठेवी, आधार, घराच्या कागदांचे फोटो, असं सगळं त्यात असतं.

मी तीस वर्षं बँकेत काढली. तेव्हा खिडकीशी आलेल्या माणसाची सही आम्ही कार्डावरच्या सहीशी ताडून पाहायचो. शेपटी जरा वेगळी दिसली तरी पुन्हा करा म्हणायचो, आणि लोक चिडायचे. आता ते काम ओटीपी करतो. म्हणजे ज्याच्या हाती सिम, त्याची सही.

आणि आपण काय करतो? मुलाकडे न्यू जर्सीला पोचलो की तो तिथलं सिम घालून देतो. आपलं भारतातलं सिम कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये, कानातल्यांच्या शेजारी. अमेरिकेत पर्यटक म्हणून जाणाऱ्याला सहसा सहा महिने राहू देतात. इकडे दूरसंचार नियामक ट्रायचा नियम असा, की प्रीपेड सिमचा ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि खात्यात २० रुपयेही शिल्लक नसतील, तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर पुढे काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. तुमच्या बँकेत मात्र तोच नंबर नोंदलेला असतो! परत आल्यावर तो दुसऱ्याकडे वाजतोय म्हणून काउंटरवर हताश होऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

उपाय अगदी साधा. सिम पुडीत बांधू नका, फोनमध्येच राहू द्या. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये दोन सिमची सोय असते. तिथलं दुसऱ्या जागी घाला, किंवा ई-सिम घ्या. आपल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी इथूनच सुरू करून घ्या, कारण तिथे गेल्यावर ते सुरू करायला पुन्हा ओटीपी लागतो आणि तो येत नाही. रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपर्यंत पुरेल असं बघा. डेटा रोमिंग बंद ठेवा. रोमिंगमध्ये येणाऱ्या मेसेजला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत, कॉल उचलला तर मात्र लागतात.

आता चोरीचं. बार्सिलोनाच्या मेट्रोत खिसेकापू आहेत, लंडनच्या फुटपाथवर सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावून नेणारे आहेत. फोन कुलूपबंद असला तरी चोर त्यातलं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो, आणि मग ओटीपी त्याला येतात. म्हणून सिमलाही स्वतःचा पिन असतो, तो सुरू करा. आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्या. तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि पीयूके नावाचा आकडा मागतं. दुसरं म्हणजे, पडदा बंद असतानाही मेसेजमधला मजकूर वर झळकत असेल तर ते बंद करा. नाहीतर कुलूप लावून किल्ली दारालाच टांगून ठेवल्यासारखं होईल.

फोन गेला तर दुसऱ्याच्या संगणकावरून शोधू, असं आपण म्हणतो. पण गूगल नव्या संगणकावर पासवर्डानंतर आणखी एक खूण मागतं, आणि ती खूण चोरलेल्या फोनवरच जाते. अॅपलने हे ओळखून ‘फाइंड माय’ त्या खुणेविना उघडायची सोय ठेवली आहे. गूगलवाल्यांनी आठ-आठ आकडी दहा बॅकअप कोड आधीच काढून कागदावर लिहावेत. हो, कागदावर. आणि तो कागद फोनच्या कव्हरमध्ये नको.

विमानतळावरच्या चार्जरमधून व्हायरस शिरतो, असे संदेश फिरत असतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर शाखेनेही तसं सांगितलं होतं. मला विचाराल तर हा धोका त्याच्या गाजावाजापेक्षा लहान आहे. आपला अॅडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा, विषय संपला. फुकटच्या वायफायचं थोडं जपावं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात एकावर विमानात आणि विमानतळांवर खोटं वायफाय उभारल्याचा आरोप ठेवला गेला. जोडायला गेलेल्यांना ते ईमेलचा पासवर्ड विचारायचं. वायफायसाठी कुणी ईमेलचा पासवर्ड मागत असेल तर त्या वायफायला नमस्कार करा.

इमिग्रेशनवर फोन तपासतात का, हे सगळेच विचारतात. अमेरिकेत अधिकाऱ्यांना तो अधिकार आहे. २०२४च्या त्यांच्या आर्थिक वर्षात ४७ हजारांवर उपकरणं तपासली गेली, म्हणजे ढोबळमानाने दहा हजार प्रवाशांमागे एक. २०१८ च्या त्यांच्याच सूचनेनुसार फोनवर साठवलेलंच पाहायचं, इंटरनेटवर जाऊन नाही. पाहुण्याने नकार दिला तर त्याला परत पाठवू शकतात. न्यूझीलंडमध्ये पासवर्ड नाकारला तर तिथल्या ५ हजार डॉलरपर्यंत दंड आहे. तेव्हा तिथे वाद घालण्यापेक्षा जे दाखवायचं नाही ते बरोबर नेऊच नये. ऑफिसचा लॅपटॉप नेणाऱ्यांनी कंपनीला विचारल्याशिवाय नेऊ नये, एवढंच म्हणते.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. आपल्या बँकांचे १८०० ने सुरू होणारे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत, आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० सुद्धा. बँकेचा ‘अधिक ९१’ने सुरू होणारा नंबर शोधून डायरीत लिहून ठेवा. त्याखाली फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, लिहा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल केलं की तो दिसतो, आणि पोलीस तक्रारीत तो विचारतात.

आमचे एक मेव्हणे बार्सिलोनात असेच फोन घालवून बसले. पोलिसांनी विचारलं, कुणाला कळवायचं? मुलाचा नंबर त्यांना आठवेना, बायकोचाही आठवेना. साठ वर्षांच्या स्मरणातून एकच नंबर निघाला, सांगलीच्या बहिणीच्या घरच्या लँडलाइनचा. रात्री एक वाजता सांगलीत फोन वाजला. बहीणबाई झोपेतून उठल्या आणि पलीकडून स्पॅनिश ऐकून त्यांनी रॉंग नंबर म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या खेपेला मेव्हण्यांनी स्वतः रिसीव्हर हातात घेतला.