खोलीतून खडकावर



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून काही मंडळी परत गेली असतील, आणि काही मुद्दाम आली असतील. दोघांचाही थोडाफार अपेक्षाभंग होईल, हे आधीच सांगून टाकते. मला बोलायचे आहे ते शरीराच्या लाजेविषयी, आणि ती लाज डोंगरावर नेऊन तपासून पाहणाऱ्या काही छायाचित्रकार बायकांविषयी.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. ‘बूद्वार’ हा फ्रेंच शब्द आहे. आपल्या बुधवाराशी त्याचे काही नाते नाही. रुसणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो निघाला. रुसून बसायची जागा ती बूद्वार. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या श्रीमंत घरांत स्त्रीच्या खाजगी खोलीला हे नाव पडले. आपल्याला कैकेयीचे कोपभवन ठाऊक आहे, तेव्हा ही कल्पना परकी वाटायला नको. पुढे त्या खोलीत पलंग आला, रेशीम आले, मंद दिवा आला, आणि तिथे स्त्रीचे अर्धवस्त्र किंवा विवस्त्र छायाचित्र काढण्याला ‘बूद्वार छायाचित्रण’ म्हणू लागले. आज कित्येक देशांत हा रीतसर व्यवसाय आहे. लग्नापूर्वी, बाळंतपणानंतर, कधी मोठ्या आजारातून उठल्यावर बायका स्वतःसाठी अशी छायाचित्रे काढून घेतात. आणि यातलीच काही मंडळी खोली सोडून थेट कड्यावर, बर्फात, वाळवंटात जाऊन पोचली आहेत. मऊ गादी सोडून टोचणाऱ्या खडकावर जाण्याचे कारण काय, हा आजचा प्रश्न.

उत्तराकडे जाण्यापूर्वी आपल्याच घरातले एक दृश्य आठवा. लग्नाचा समुदाय-फोटो निघायचा असतो. पुरुष पुढे सरसावतात. बायकांत मात्र एक हळू हालचाल सुरू होते. कुणी दंडावर पदर ओढते, कुणी भावजयीच्या मागे अर्धी लपते, कुणी म्हणते, “माझा नको, मी फार जाड दिसते.” कुणी तिला जाड म्हटलेले नसते. न्यायालय तिच्याच मनात भरलेले असते. फिर्यादी ती, आरोपी ती, आणि शिक्षा सुनावणारीही तीच. खोलीतले छायाचित्रण पुष्कळदा या न्यायालयापुढे केलेली रदबदली असते. दिवा असा लावा की पोट दिसू नये, मान अशी वळवा की हनुवटी एकच दिसावी. चित्र सुंदर येते. पण खटला निकालात निघत नाही, फक्त तारीख पुढे पडते.

आता कॅलिफोर्नियाकडे चला. ॲन ब्रिगमन या बाईंचा जन्म 1869 साली हवाई बेटांत झाला. वयात येताना त्या कॅलिफोर्नियात आल्या, एका जहाजाच्या कप्तानाशी लग्न केले आणि ओकलंड शहरात राहू लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी कॅमेरा हाती घेतला. उन्हाळा आला की मैत्रिणींना आणि बहिणीला घेऊन त्या सिएरा नेवाडा पर्वतात तंबू ठोकीत. आठ हजार फुटांच्या आसपासची ती उंची. तिथे जुनिपरची झाडे वाऱ्याने पिळवटून, वाकून, तरी खडकाला धरून उभी असतात. त्या झाडांत आणि खडकांच्या कपारींत ब्रिगमनबाईंनी विवस्त्र स्त्रियांची छायाचित्रे काढली, आणि कित्येकदा स्वतःचीच काढली. न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांच्या ‘कॅमेरा वर्क’ या प्रसिद्ध नियतकालिकाने 1909 साली ती छापली.

त्यांतल्या एका चित्राचे नाव ‘वादळाने फोडलेल्या पाइनचा आत्मा’ असे मराठीत सांगता येईल. मोडलेल्या बुंध्यातून एक बाई वर उठते आहे आणि तिचा एक हात आभाळाकडे गेला आहे. ती बाई म्हणजे स्वतः ब्रिगमन, चाळिशीला टेकलेल्या. हे वय ध्यानात घ्या. त्या काळी चाळिशीच्या बाईने छायाचित्रात दिसायचे ते काळ्या पोशाखात, खुर्चीवर, मुलाबाळांच्या मध्ये. आणि या बाई मोडक्या झाडात उभ्या राहून सांगतात की झाड मोडले तरी संपलेले नाही. 1910 साली त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. 1913 साली एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत त्यांनी म्हटले की बायकांना बांधून ठेवणारी खरी साखळी भीतीची आहे. हा विचार त्यांनी आरामखुर्चीत बसून केलेला नव्हता, हे त्यांची चित्रेच सांगतात.

डोंगर नेमके काय करतो, हे थोडे बारकाईने पाहू. खोलीत शरीराला एकच काम असते, ते म्हणजे दिसणे. खडकावर त्याला दहा कामे लागतात. पाय घसरू नये म्हणून तळव्याने पकड घ्यायची, वाऱ्यात तोल सांभाळायचा, थंडीत श्वास आवरायचा. जुन्या कॅमेऱ्यात तर चित्र हलू नये म्हणून अशा स्थितीत स्तब्ध राहावे लागे. पोट आत ओढायला सवडच नसते. मांडी जाड की बारीक, हा प्रश्न बाजूला पडतो आणि मांडी भार पेलते की नाही, हा प्रश्न पुढे येतो. शेतात वाकणाऱ्या, हंडा डोक्यावर घेऊन चढण चढणाऱ्या आपल्या बायकांना हे निराळे सांगायला नको. जे शरीर काम करते त्याच्याविषयी मनात कृतज्ञता उपजते. प्रकाशाचेही तेच. ढगाळ आभाळाचा उजेड सगळीकडून सारखा येतो. खडकावर जसा पडतो तसाच पाठीवर पडतो. खडकाला चीर असते, पाठीला वळी असते, आणि उजेड दोघांत भेद करीत नाही.

पण डोंगरावरून गावात परतले की भेद करणारे लोक भेटतातच. इमोजेन कनिंगहॅम या छायाचित्रकार बाईंनी 1915 साली, लग्नाच्या वर्षीच, रेनिअर पर्वतावर आपल्या पतीची विवस्त्र छायाचित्रे काढली. आजवर पुरुष बाईकडे पाहत आला; इथे बाईने पुरुषाकडे पाहिले. सिॲटलच्या एका साप्ताहिकात ती छापली गेली आणि गावात गहजब झाला. बाईंनी ती निगेटिव्ह बाजूला ठेवून दिली, ती कित्येक दशके. पर्वताची थंडी सोसवली, शेजाऱ्यांची जीभ सोसवली नाही.

तिसरी बाई आपल्या काळातली. लॉरा अग्विलार, जन्म 1959, लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबातला. शब्दांशी त्यांचे लहानपणापासून जमत नसे. वाचन-श्रवणाचा जन्मजात दोष होता. शरीर खूप मोठे, आणि त्याबद्दल जगाने काय ऐकवले असेल याची कल्पना आपण करू शकतो. 1989 साली त्यांनी एका खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून स्वतःचे विवस्त्र चित्र काढले. मग 1996 साली त्या न्यू मेक्सिकोच्या उघड्या माळावर गेल्या. तिथल्या एका चित्रात त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून, अंग आवळून बसल्या आहेत. भोवती मोठाले धोंडे आहेत. पहिल्या नजरेला धोंडा कोणता आणि बाई कोणती हे उमजत नाही. उमजते तेव्हा पाहणाऱ्याची आपल्यालाच थोडी लाज वाटते. धोंड्याला आपण कधी ‘फार जाड’ म्हटले आहे काय? त्याच्या आकाराला आपण मान देतो, त्याच्या सावलीला बसतो.

या चित्रांनी अग्विलार सुखी झाल्या, असे मात्र मी सांगणार नाही. मनाची उदासीनता आणि शरीराचे आजार त्यांनी आयुष्यभर भोगले. 2017 साली त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले आणि 2018 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या गेल्या. छायाचित्र हे औषध नव्हे. स्वतःचे शरीर स्वीकारणे म्हणजे ‘मी सुंदर आहे’ असा जप करणेही नव्हे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ एवढाच, की मघाशी सांगितलेले ते न्यायालय काही वेळ तरी बंद ठेवायचे.

येथे कुणी विचारील, “हे नागडेपण कशाला हवे? अंगभर वस्त्रात स्वाभिमान राहत नाही काय?” राहतो, निश्चित राहतो. वस्त्र उतरवावेच असे कुणी म्हटले, तर तीही एक सक्तीच होईल. पण नग्नता म्हणजे अश्लीलता हे समीकरण महाराष्ट्रानेही बिनविरोध मानलेले नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, त्याच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रे छापली, खटले सोसले आणि दंड भरला. नग्नतेत पाप नाही, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याशी सर्व बाबतींत सहमत व्हावे असे नाही, पण प्रश्न त्यांनी आपल्या दारात आणून ठेवला होता.

मला खरी कसोटी निराळी वाटते: चित्र कुणासाठी आणि कुणाच्या ताब्यात? ब्रिगमन आणि अग्विलार यांनी कॅमेरा आपल्याच हातात ठेवला, म्हणून त्यांची चित्रे कुणी हिरावून घेतलेली वाटत नाहीत. आज एका क्षणात चित्र जगभर जाते. अशा वेळी बाईची संमती, तिने ‘नको’ म्हटल्यावर चित्र नष्ट होण्याची हमी, सोबत विश्वासाचे माणूस, या गोष्टी प्रकाशाइतक्याच महत्त्वाच्या. आणि डोंगराचा मान ठेवावा. ओले अंग वाऱ्यात फार लवकर गारठते, शेवाळलेला दगड कुणाची भीड धरीत नाही. एका चित्रासाठी जीव पणाला लावणे हा शरीराचा स्वीकार नव्हे, त्याचा अनादर आहे.

आपल्यापैकी फारच थोड्या जणी असे चित्र काढून घेतील. तसे करावे असा माझा आग्रहही नाही. पण पुढल्या लग्नात समुदाय-फोटो निघेल, तेव्हा भावजयीच्या मागे लपू नका. ज्या शरीराने मुले वाढवली, पाणी वाहिले, दुखणी काढली, त्याला पहिल्या रांगेत उभे राहण्याचा अधिकार आहे. आणि पुरुष श्रोत्यांना विनंती एवढीच, की फोटो पाहताना कोण जाड आली आहे, हे मोठ्याने सांगू नका.