हिरव्या पाण्याचं विरजण

आज शेतीचं नाही, पापड-लोणच्याचंही नाही. आज हिरव्या पाण्याविषयी बोलायचंय. मागच्या वेळी शोभेच्या माशांचा विषय निघाला तेव्हा गटागटांतून एकच प्रश्न आला, "ताई, पिल्लं होतात पण जगत नाहीत. त्यांना घालायचं काय?" दुकानातलं कोरडं खाद्य पिल्लांच्या तोंडात मावत नाही. मावेल असं बारीक खाद्य महाग पडतं, आणि उरलेलं तळाशी सडून टाकीचं पाणी नासवतं. पिल्लाला हवं असतं हलणारं, जिवंत अन्न. त्याची सुरुवात शेवाळापासून होते.

शेवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो निसरडा दगड. किल्ल्यात पावसाळ्यात पाणी महालावरून नर-मादी कोसळायला लागले की पायऱ्यांवर जे हिरवं चढतं, ते आपण ओळखतो. पण मी म्हणते ते शेवाळ दगडाला धरून बसत नाही, पाण्यात तरंगतं. एकेक कण सुटा. इतका बारीक की केसाच्या जाडीत दहा-पंधरा कण शेजारी शेजारी मावतील. कण दिसत नाही, फक्त पाणी हिरवं दिसतं. यातलं सगळ्यात ओळखीचं नाव क्लोरेला. बायरिंक नावाच्या हॉलंडच्या शास्त्रज्ञानं 1890 मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढून शुद्ध वाढवलं. आज समुद्री मासे आणि कोळंबीची बीजकेंद्रं अशाच बारीक शेवाळांवर चालतात. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथं हे रीतसर शिकवतात. आपल्याला प्रयोगशाळा लागत नाही. ऊन, पाणी आणि विरजण एवढं लागतं.

विरजण हा शब्द मी मुद्दाम वापरते. दह्याला जसं आधीचं दही लागतं तसं हिरव्या पाण्याला आधीचं हिरवं पाणी लागतं. कुणाकडे उन्हात ठेवलेली माशांची टाकी असेल आणि तिचं पाणी हिरवट झालं असेल, तर तेच विरजण. नसेल तर तळ्याचं स्वच्छ हिरवं पाणी आणा. मात्र ते चार पदरी सुती कापडातून गाळून घ्या. तळ्याच्या पाण्यात शेवाळ खाणारे बारीक किडे असतात. ते एकदा बरणीत शिरले की दोन दिवसांत सगळं हिरवं फस्त, पाणी पुन्हा निवळ.

आता भांडं. दहा लिटरची पारदर्शक बरणी किंवा पिण्याच्या पाण्याचा रिकामा जार चांगला. तांब्याचा हंडा अजिबात नको. तांबं शेवाळाला मारतं आणि पुढे ज्या जिवांना ते खाऊ घालायचं त्यांनाही मारतं. आणि फवारणीच्या औषधाची रिकामी कॅन, मग ती सात वेळा धुतलेली का असेना, या कामाला घेऊ नका. पिण्याच्या पाण्यालाही घेऊ नका, पण ते तुम्हाला माहीतच आहे.

पाणी बोअरचं चालतं, विहिरीचं चालतं, पावसाचं तर उत्तम. नळाच्या पाण्यात औषध टाकलेलं असेल तर एक-दोन दिवस उघड्या भांड्यात उन्हात ठेवा, वास उडून जातो. पण आपल्या भागात खरा प्रश्न पाणी कोणतं हा नसतो, पाणी आहे का हा असतो. टँकरची वाट बघणाऱ्या बाईला मी तीन बरण्या पाणी शेवाळाला घाल म्हणाले तर ती मला हसेल, आणि बरोबरच हसेल. म्हणून सोपी वाट सांगते. माशांच्या टाकीचं थोडं पाणी आठवड्याला बदलावं लागतंच. ते जुनं पाणी फेकू नका. माशांच्या विष्ठेचं खत त्यात आयतं असतं. तेच गाळून बरणीत घाला. नवीन पाणीही नको, फार खतही नको.

ज्यांच्याकडे टाकी अजून नाही त्यांनी खताचं पाणी करावं. समुद्री बीजकेंद्रांत मोठ्या टाक्यांसाठी एक जुनं प्रमाण वापरतात, 1000 लिटर पाण्याला 100 ग्रॅम अमोनियम सल्फेट, 10 ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि 10 ग्रॅम युरिया. आपल्या बरणीसाठी एवढं कमी मोजणार कसं? त्याची युक्ती अशी. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर 10 ग्रॅम अमोनियम सल्फेट, 1 ग्रॅम कुटलेलं सुपर फॉस्फेट आणि 1 ग्रॅम युरिया तोलून घ्या. एक लिटर पाण्यात विरघळवा. सुपर फॉस्फेटचा थोडा पांढरा गाळ खाली बसेल, तो बसू द्या. वरचं निवळ पाणी 100 मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या पेल्याच्या आसपास, दहा लिटरच्या बरणीला पुरतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात "खत" लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. सरबताची बाटली वापरू नका.

बरणीत आठ लिटर पाणी, एक-दोन लिटर विरजण, खताचं पाणी, झालं. कोवळं ऊन तीन-चार तास मिळेल अशी जागा बघा. या शेवाळाला 25 ते 30 अंशांची हवा आवडते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखाली ठेवलेली बरणी दुपारी चक्क शिजते. उन्हाळ्यात लिंबाच्या सावलीत ठेवा, बाहेरून ओलं पोतं गुंडाळा. दिवसातून तीन-चार वेळा हलवा, नाहीतर कण तळाशी बसून कुजतात. टाकीचा हवेचा पंप असेल तर तो लावा. लाईट गेली की मात्र हातच.

पाच ते सात दिवसांत पाणी फिकट पोपटी, मग गर्द हिरवं होतं. पलीकडे धरलेला हात दिसेनासा झाला की काढायला तयार. एक तृतीयांश काढायचं, तेवढंच पाणी आणि त्या मानानं खत परत घालायचं. तपकिरी झालं, कुबट वास आला, तर ओतून द्या आणि बरणी वाळवून पुन्हा लावा. वर निळसर हिरवा, ऑइल पेंट सांडल्यासारखा तवंग आला तर ते वेगळं शेवाळ. त्यातली काही विषारी असतात. ते शेळ्या-गुरं पाणी पितात तिथं ओतू नका, कोरड्या मातीत जिरवा आणि हात साबणानं धुवा. एका बरणीवर कधीच भिस्त ठेवू नका. तीन असाव्यात, आणि एक बाटली विरजण फ्रिजच्या दारात. नाहीतर शेजारणीकडे. आपल्या आज्या विरजण शेजारी ठेवायच्या ते याचसाठी.

आता हे हिरवं पाणी थेट पिल्लांच्या टाकीत ओतायचं का? नाही. गप्पीचं पिल्लू शेवाळावर वाढत नाही, आणि त्यातलं उरलेलं खत माशांना बाधतं. मध्ये एक जीव हवा. त्याचं नाव मोइना. पाण्यात पिसवेसारखा टुणटुण उडतो, मोठा झाला तरी एक मिलिमीटरच्या आसपास. डॅफ्निया म्हणून त्याची थोरली बहीण आहे, पण तिला आपला उन्हाळा सोसत नाही. मोइनाला सोसतो. आणि गंमत ऐका, खाणंपिणं चांगलं असलं की मोइनाच्या वस्तीत सगळ्या बायाच असतात. नराशिवाय पिल्लं होतात. उपासमार झाली, पाणी आटलं, गर्दी वाढली की मगच नर जन्माला येतात. हे सांगितलं की आमच्या गटात जो हशा पिकला तो रेकॉर्डिंगमध्ये आला नाही, एवढंच.

मोइना शोभेच्या माशांच्या दुकानात किंवा मासे पाळणाऱ्यांकडे मिळते. वीस लिटरच्या टपात सोडा आणि पाण्याला फिकट हिरवी झाक येईल एवढंच शेवाळाचं पाणी घाला. पाणी निवळ झालं की परत घाला. जन्मल्यापासून चार-पाच दिवसांत मोइना स्वतः वितं, म्हणून आठवड्या-दीड आठवड्यात टप भरतो. चहाच्या बारीक गाळणीनं मोठ्या गाळून घ्या, बारक्या खाली निसटून टपातच राहतात. गाळलेल्या साध्या पाण्यात खंगाळा आणि पिल्लांना द्या. मोइना वाळवून बघितली तर जवळजवळ निम्मी प्रथिनं असते. पिल्लांचा वाढीचा फरक आठ दिवसांत डोळ्यांना दिसतो.

मोइनाचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. शेजारच्या द्राक्षाला नाहीतर तुरीला फवारणी झाली आणि तुम्हाला विहिरीच्या पाण्याचा संशय आला, तर टाकीत घालण्याआधी पेलाभर पाण्यात दहा मोइना सोडून रात्रभर ठेवा. कीटकनाशकाचा अंश त्यांना सगळ्यात आधी कळतो. सकाळी मेल्या असतील तर ते पाणी माशांना नाही. जगल्या म्हणून ते माणसांना प्यायला चांगलं, असं मात्र समजू नका. ती वेगळी तपासणी आहे.

आता डास. उघडं, साठलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला पाळणा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याचा कोरडा दिवस आपण पाळतो, पण शेवाळाची बरणी आणि मोइनाचा टप दर आठवड्याला कोरडा करता येत नाही. म्हणून प्रत्येक भांड्यावर मच्छरदाणीचं कापड, कडेनं दोरी आवळून बांधलेलं. काम झालं की लगेच परत. अळ्या शेवाळही खातात, म्हणजे आपल्याच ताटातलं पळवून आपल्यालाच चावायला मोठ्या होतात. आशाताई दारात आल्या आणि तुमच्या टपात अळी निघाली, तर त्यांना "ताई, हे माशांसाठी आहे" म्हणून चालणार नाही. आरोग्य खातं हौदांत गप्पी मासे सोडतं ते याच अळ्यांसाठी. पण मोइनाच्या टपात गप्पी सोडू नका, अळीबरोबर मोइनाही संपेल. आणि जास्तीचे गप्पी बोरी नदीत, धरणात सोडून पुण्य कमावू नका. तो बाहेरून आलेला मासा आहे, आपल्या गावच्या बारक्या माशांच्या जागेवर बसतो.

शेवटी पैशाचं. खरंच उत्पन्न होतं का, हे सगळ्या विचारतात. नुसतं शेवाळ विकून होणार नाही, हे मी स्पष्ट सांगते. खाद्याचा खर्च वाचतो आणि पिल्लं जगतात, फायदा तिथं आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटचा खर्च 3 लाख रुपये धरला होता आणि महिलांना 60 टक्के अनुदान ठेवलं होतं. म्हणजे 1 लाख 80 हजार सरकारचे, 1 लाख 20 हजार आपले. ते आत्ता चालू आहे का, अर्ज कुठे करायचा, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन स्वतः विचारा. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून गटाचं कर्ज काढू नका.

"तुम्ही फक्त पाळा, माल आम्हीच उचलू" असं म्हणणारा कुणी आला तर इमू आठवा. मोठाले पक्षी घेऊन बसलेली घरं आपण सगळ्यांनी बघितलीत. आधी सोलापूरच्या दोन-तीन दुकानांत जा, कोणता मासा खपतो, किती मोठा झाल्यावर घेतात, नग किती रुपयाला घेतात, हे वहीत लिहून आणा. मग दोन टाक्या, तीन बरण्या, एक टप. सहा महिने एवढंच. गटाच्या बचतीला हात न लावता एवढं होतं.

ज्यांना विरजण हवंय त्यांनी महिन्याच्या बैठकीला एक लिटरची स्वच्छ बाटली आणावी. तेलाची नको, तवंग राहतो. तीन हिस्से भरून देऊ, वर हवेला जागा ठेवून. घरी जाताना झाकण थोडं सैल ठेवा आणि एसटीत खिडकीच्या उन्हाला धरू नका.