तीन लाखांच्या देशाचा संघ

तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या की खेड्यातले शिक्षक भेटतात आणि एकच गाऱ्हाणे सांगतात, "सर, आमच्या शाळेत मुलं ती किती! त्यांतून संघ तरी काय निवडायचा?" हे गाऱ्हाणे खोटे नाही. मी स्वतः कॉलेजात शिकवतो. अकरा गडी जमवताना आमचीही तारांबळ उडते. पण ते ऐकले की मला आइसलँडच्या हँडबॉल संघाची आठवण होते. आज त्या संघाची हकिगत आपल्याला सांगणार आहे.

आइसलँड हे उत्तर अटलांटिक महासागरातले बेट. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एकतृतीयांश आणि माणसे २००८ साली सुमारे सव्वातीन लाख. २०११ च्या शिरगणतीत एकट्या परभणी शहराची वस्ती तीन लाख सात हजार भरली होती. म्हणजे परभणीएवढ्या वस्तीतून एक राष्ट्रीय संघ उभा करायचा आणि जर्मनी, फ्रान्स, रशिया यांच्यासमोर न्यायचा, असा हा मामला आहे.

हँडबॉल पुष्कळांनी पाहिला नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. मैदान चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद असते. गोलरक्षक धरून दर बाजूला सात गडी. चेंडू हाताने फेकायचा. तो हातात घेऊन तीन पावलांपेक्षा जास्त चालायचे नाही आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवायचा नाही. गोलासमोर सहा मीटरांची रेषा असते, तिच्या आत गोलरक्षकाखेरीज कोणी पाय टेकवायचा नाही. म्हणून गडी रेषेबाहेरून उंच उडी घेतो आणि हवेत असतानाच चेंडू मारतो. अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन डाव होतात आणि एकेका सामन्यात पन्नास-साठ गोल सहज होतात. गोलासाठी तासभर ताटकळत बसणाऱ्या फुटबॉलच्या शौकिनांना ही चैनच वाटेल!

या खेळाला वळण लावणारांपैकी एक होल्गर नील्सन हे डेन्मार्कमधले शिक्षक. गंमत अशी, की बुडालेल्या माणसाला पालथे निजवून श्वास चालू करण्याची जी 'होल्गर नील्सन पद्धत' आपल्याकडे प्रथमोपचाराच्या वर्गांत शिकवीत, ती याच गृहस्थांची. आइसलँडात हिवाळ्यात दिवस जेमतेम चार-पाच तासांचा असतो आणि बाहेर वारा, बर्फ. छपराखाली खेळता येणारा हा खेळ तिथे रुजला यात नवल नाही.

१९५८ साली हा संघ पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत उतरला. १९६१ मध्ये तो सहावा आला, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चौथा, १९९७ च्या जागतिक स्पर्धेत पाचवा आणि २००२ च्या युरोपीय स्पर्धेत पुन्हा चौथा. पदक दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. त्यातून स्वीडनशी गाठ पडली की हार ठरलेली. आपल्याकडे मुलांना बागुलबुवाची भीती घालतात, तशी तिकडे ग्रीला नावाची राक्षसीण आहे. स्वीडनच्या या भीतीला लोकांनी 'स्वीडिश ग्रीला' असेच नाव पाडले होते. अखेर २००६ मध्ये आइसलँडने स्वीडनला हरवून पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतून बाहेर ठेवले, आणि २००८ मध्ये ऑलिंपिकच्या पात्रता फेरीतही मागे टाकले.

आता बेजिंग. प्रशिक्षक गुथमुन्दुर गुथमुन्दसन, कर्णधार ओलाफुर स्तेफान्सन. (तिथे आडनावे बहुधा नसतात, बापाच्या नावापुढे 'सन', म्हणजे मुलगा, लावतात.) पहिल्या सामन्यात त्यांनी रशियाला ३३-३१ असे हरवले आणि मग जगज्जेत्या जर्मनीला ३३-२९ असे. लगेच कोरियाकडून एका गोलाने हरले. डेन्मार्क आणि इजिप्त यांच्याशी बरोबरी झाली, दोन्ही वेळा ३२-३२. म्हणजे सगळे काही सुरळीत चालले होते असे मुळीच नाही. पण उपांत्यपूर्व फेरीत पोलंडला आणि उपांत्य फेरीत स्पेनला ३६-३० असे नमवून ही मंडळी अंतिम सामन्यात पोचली. २४ ऑगस्टला फ्रान्सने त्यांना २८-२३ असे हरवले. आइसलँडात ती रविवारची सकाळ होती. सुवर्णपदक हुकले, रौप्यपदक मिळाले. त्यापूर्वी त्या देशाला ऑलिंपिकमध्ये अवघी तीन पदके मिळाली होती: १९५६ मध्ये तिहेरी उडीत, १९८४ मध्ये ज्युदोत आणि २००० मध्ये बांबू-उडीत. तीनही एकेकट्याने मिळवलेली. संघाचे हे पहिलेच.

राजधानी रेक्याविकमध्ये रस्ते माणसांनी फुलून गेले, आणि राष्ट्राध्यक्षांनी गड्यांना देशाचा मान दिला. दीड महिनाही लोटला नसेल, तोच ऑक्टोबरात त्या देशाच्या तीन मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. लोकांची शिल्लक, घरांची कर्जे, सारेच डळमळले. पदकाने कोणाचे कर्ज फिटले नाही, हे खरेच आहे. पण हँडबॉल थांबला नाही. २०१० च्या जानेवारीत ऑस्ट्रियात भरलेल्या युरोपीय स्पर्धेत याच देशाने पोलंडला हरवून कांस्यपदक घेतले. २०१२ मध्ये लंडनला तर गटातले पाचही सामने जिंकले, फ्रान्सलासुद्धा हरवले. आणि पुढच्याच फेरीत हंगेरीकडून दोनदा वेळ वाढवून एका गोलाने हार पत्करली. माझ्या मते ही हार बेजिंगच्या हारीपेक्षा जास्त बोचरी होती.

या संघाचा गुथ्यौन वालुर सिगुर्दसन २०२० मध्ये निवृत्त झाला, तेव्हा देशासाठी त्याचे अठराशेहून अधिक गोल झाले होते. पण मला नवल वाटते ते प्रशिक्षकांचे. गुथमुन्दसन यांनी २०१६ मध्ये डेन्मार्कला ऑलिंपिकचे सुवर्ण मिळवून दिले. त्याच वर्षी डागुर सिगुर्दसन यांच्या हाताखाली जर्मनी युरोपचा विजेता झाला. आल्फ्रेद गीस्लासन यांच्या जर्मन संघाने २०२४ मध्ये पॅरिसला रौप्य घेतले. शहराएवढ्या वस्तीतून गडी तर निघालेच, वर मोठ्या देशांना गुरुजीही मिळाले!

त्याची किंमतही कधी मोजावी लागते. २०२५ च्या जानेवारीत जागतिक स्पर्धेत झाग्रेबला आइसलँडची गाठ क्रोएशियाशी पडली. क्रोएशियाचे प्रशिक्षक होते हेच डागुर सिगुर्दसन. सामना ३२-२६ असा गेला. आइसलँड, क्रोएशिया आणि इजिप्त यांचे गुण सारखे झाले, आपसातल्या सामन्यांच्या हिशेबात आइसलँड मागे पडला आणि घरी परतला. डागुर यांचा क्रोएशिया पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला.