पांढरा कोट घालायच्या आधी दोन शनिवार

आजचा भाग अकरावी-बारावीवाल्यांसाठी.

माझी मावसबहीण अकरावीला आहे. कर्वेनगरलाच राहते. सकाळी क्लास, रात्री टेस्ट सिरीज. मी विचारलं, "वॉर्ड आतून पाहिलायस कधी?" म्हणाली, "आजोबांना भेटायला गेले होते, तेवढाच."

आता बघा. नीटला दर वर्षी वीस लाखांवर मुलं बसतात. एमबीबीएस म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. आपण मोबाइल घेताना दहा रिव्ह्यू बघतो, आणि हे न बघताच?

परदेशात याला जॉब शॅडोइंग म्हणतात. म्हणजे कुणाचं तरी काम शेजारी बसून नुसतं बघायचं. आपल्याकडे त्याचा फॉर्म वगैरे सहसा नसतो, विचारावं लागतं. मोठ्या हॉस्पिटलपेक्षा ओळखीच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा. असं म्हणा:

"डॉक्टर, मी अकरावी सायन्सला आहे. दोन शनिवार दवाखान्यात बसून काम बघू का? फोटो काढणार नाही, पेशंटला हात लावणार नाही, सांगाल तेव्हा बाहेर थांबेन. आईबाबांना माहिती आहे, हा त्यांचा नंबर."

नाही म्हणाले तर थँक्यू म्हणायचं आणि दुसरीकडे विचारायचं. फक्त डॉक्टरच कशाला? सकाळची पॅथॉलॉजी लॅब, फिजिओथेरपी, मेडिकलचं दुकान, सगळीकडे शिकण्यासारखं आहे. कर्वे संस्थेचं नर्सिंग कॉलेज तर आपल्याच भागात आहे. तिथली एखादी ताई ओळखीची असेल तर विचारा, वॉर्डमधली ड्युटी कशी असते.

एक नियम मात्र पक्का. पेशंट नको म्हणाला की लगेच उठायचं. आणि आपल्याच एरियात बसणार, म्हणजे सकाळी तपासायला आलेल्या काकू संध्याकाळी सोसायटीत भेटणार. त्यांचं दुखणं घरीसुद्धा सांगायचं नाही. आईलाही नाही! हे जमत नसेल, तर या क्षेत्रात पुढे अवघड आहे.

बहीण दोन शनिवार बसली. एका आजोबांना डॉक्टरांनी त्याच गोळ्या तिसऱ्यांदा समजावल्या, न चिडता. ती म्हणाली, "दादा, एवढं बोलावं लागतं हे कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत." तिला अजूनही डॉक्टरच व्हायचंय. पण आता कशासाठी, ते तिला सांगता येतं.

तर या आठवड्यात एकाला तरी विचारा, आणि काय उत्तर आलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!