पहिल्या दालनात घागर हवी

(मोरा, ता. उरण येथे स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रायगड जिल्ह्यातल्या दलित चळवळीचे एक संग्रहालय व्हावे, त्याचा विचार करायला आपण जमलो आहोत. जागा कोण देणार, पैसा कुठून उभा करायचा, हे प्रश्न आहेतच. पण त्याआधी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. या संग्रहालयाच्या पहिल्या दालनात काय असेल?

मागे अशाच एका आराखड्याची चर्चा चालली होती. पुतळा, छायाचित्रे, भाषणांच्या ध्वनिफिती, सगळे ठरले. मी विचारले, यात बायका कुठे आहेत? उत्तर आले, ‘‘ताई, शेवटचे दालन महिलांचे ठेवू की!’’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण शेवटचे म्हणजे काय ते आपल्याला घरात ठाऊक आहे. सगळ्यांच्या पंगती उठल्यावर जे उरते ते.

म्हणून महाडची हकिगत आज मी पाण्याच्या बाजूने सांगते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले, पण ते कागदावर. १९ मार्च १९२७ ला परिषद भरली तेव्हा आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. तळे गावात भरलेले, आणि पाणी विकत! दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांबरोबर लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपावर हल्ला झाला. जेवत्या लोकांचे अन्न मातीत मिसळले, भांडी फोडली. तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात १०८ घागरी पंचगव्य ओतले. खटला उभा राहिला आणि हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला, म्हणजे दहा वर्षांनी लागला.

या हकिगतीत पाणी, घागर, भांडे, अन्न किती वेळा आले पाहा. ही सगळी कुणाच्या हातातली कामे? गावच्या विहिरीपाशी रिकामे भांडे घेऊन, कुणी वरून पाणी घालील का म्हणून तासन् तास ताटकळत कोण उभे राहत होते? कोर्टाच्या निकालाचा अर्थ वकिलाला कळला तसा त्या बाईच्या डोक्यालाही कळला असेल. तिची घागर पहिल्या दालनात नको का?

त्याच वर्षी २४ डिसेंबरला बाबासाहेब दुसऱ्या परिषदेला निघाले ते ‘पद्मावती’ बोटीने. धरमतरच्या वाटेने गेले आणि मोटारवाल्यांनी गाड्या नाकारल्या तर काय, म्हणून बोट दासगावला न्यायची ठरली. तिथून महाडला पायी जाता येते. मुंबई बंदरातून निघालेली ती बोट आपल्या या समोरच्या समुद्रातलीच. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. जात ओळखू येईल असे नेसणे आणि दागिने सोडा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. बायकांनी ते मनावर घेतले. लुगडे घोट्यापर्यंत नेसणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. गाव बघत होते.

पुढे २० जुलै १९४२ ला नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद झाली. तिला सुमारे पंचवीस हजार बायका आल्या होत्या. तरी त्यांतल्या किती जणींची नावे आपण सांगू शकू? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून अशा बायकांना बोलते केले, तेव्हा १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. आपल्या संग्रहालयाचा पाया त्या दोघींनी घालूनच ठेवला आहे.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनीही हा अनुभव घेतला. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६८ साली मेम्फिसच्या ज्या मोटेलमध्ये गोळी घातली, तिथे १९९१ पासून नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. माँटगोमेरीच्या बस बहिष्कारातले किंग आणि रोझा पार्क्स जगाला माहीत आहेत. पण एका रात्रीत हजारो पत्रके छापून काढली ती जो ॲन रॉबिन्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी. बहिष्कार ३८१ दिवस चालला, तेव्हा जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीण बाईंनी इतर बायकांना घेऊन जेवण आणि केक विकून पैसे उभे केले. मालकाला कळले तर काम जाईल, म्हणून नावे लपवली. पैसे कुठून आले विचारले तर ‘कुठूनच नाही’ असे सांगता यावे, असेच नाव मंडळाला ठेवले! तेव्हा नाव लपवणे शहाणपणाचे होते. आता नाव लिहिणे आपले काम आहे.

माझी आजी बांबूची आयदाने विणायची. ती गेल्यावर तिची कोयती, तिची पितळी घागर भंगारवाल्याला वजनावर दिली. देणारी मीच. आज ती घागर कुठे मागू?

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. वस्तू घेताना तिच्याबरोबर बाईचे नाव, गाव आणि तिची हकिगत तिच्याच बोलीत लिहून घ्या. वस्तूची पावती द्या, आणि परत मागितली तर परत द्या. ज्या गोष्टी तिला सांगायच्या नसतील त्या खोदून विचारू नका. समितीत निम्म्या बायका असू द्या, आणि बैठक मासळीबाजाराच्या वेळेला ठेवू नका. चिरनेरच्या १९३० च्या आणि जासईच्या १९८४ च्या हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत, ती कोरलीच पाहिजेत. पण त्यांच्यामागे ज्यांनी घरे चालवली त्यांनाही विचारायला जा.

इमारत पाच वर्षांनी झाली तरी चालेल. ऐंशी-नव्वदीच्या बायका मात्र तोवर थांबणार नाहीत. तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक वस्तू आणि एक नाव घेऊन यावे. संग्रहालय त्या दिवशी सुरू झाले असे मी धरीन.

जय भीम!