बंद घराचा बिनतारी पहारा

गणपतीला कोकणात निघालात, मुंबईचा फ्लॅट आठवडाभर बंद. बिनतारी अलार्म घ्यायचाय? भोंगा किती मोठा, हे नंतर विचारा. आधी विचारा, वीज गेल्यावर काय? राउटर बंद पडला की निव्वळ वायफायवरचा अलार्म तुमच्या फोनवर काही कळवू शकत नाही. म्हणून सिमकार्ड आणि आत बॅटरी असलेला संच बरा. दाराचा सेन्सर चुंबकावर चालतो: दार उघडलं, चुंबक लांब गेलं, की इशारा. खोलीतला सेन्सर हलती उष्णता टिपतो. घरात मांजर असेल तर जपून! काँक्रीटच्या भिंती सेन्सरच्या बिनतारी लहरी अडवतात, तेव्हा खोक्यावर छापलेल्या पल्ल्यावर विसंबू नका. प्रत्येक दार उघडून तपासा. शेजाऱ्यांचा नंबरही अलार्ममध्ये घाला. ११२ला फोन करायला तेच जवळ असतील.