नाटक निवडायचं, पण कुणासाठी?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सर्वसाधारण सभेत सांस्कृतिक समितीच्या वतीने केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत, म्हणून थेट विषयावर येते. रौप्यमहोत्सवानिमित्त संस्थेतर्फे सभासद कुटुंबांना एक संगीत नाटक दाखवायचं, एवढं ठरलं आहे. कुठलं ते ठरायचं आहे. त्यासाठी आपण सूचनापेटी ठेवली होती. तीत १९ चिठ्ठ्या आल्या आणि त्यातल्या ११ चिठ्ठ्यांवर थोड्याफार फरकाने एकच वाक्य होतं : "पुरस्कार मिळालेलं एखादं चांगलं नाटक दाखवा."

सूचना चुकीची नाही. दीडशे किलोमीटरवर नागपूरला जायचं, तिकिटाचे पैसे मोजायचे, तर नाटक पारखलेलं असावं असं कुणालाही वाटेल. पण पुरस्कार कशासाठी दिला जातो, ते जरा बघू या. दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेची चंद्रपूर केंद्रावरची प्राथमिक फेरी झाली की निकाल पेपरात येतो. दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, प्रत्येकाचं बक्षीस वेगळं. परीक्षक कलेची पारख करतात आणि ते त्यांचं काम आहे. पण आपल्या रांगेत सात वर्षांची नात, गुडघे दुखणारी आजी आणि नाइट शिफ्ट करून आलेला बाप शेजारी शेजारी बसणार आहेत, हे परीक्षकांना कसं माहीत असणार? ती पारख आपली आपणच करायची.

साता समुद्रापलीकडचं उदाहरण देते. न्यूयॉर्कला दरवर्षी टोनी पुरस्कारांची मोठी रात्र असते. १९९८ साली तिथे सर्वोत्कृष्ट संगीतिका ठरली 'द लायन किंग'. आईबापांनी बिनघोर मुलांना घेऊन जावं अशी. २०११ साली 'द बुक ऑफ मॉर्मन'ने ९ टोनी मिळवले, पण तिच्यातली भाषा अशी की लहान मुलांना शेजारी बसवून बघायची सोय नाही. सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा मान दोघींनाही मिळाला. घरच्यांसाठी कुठली, ते बक्षिसाने सांगितलं नाही.

आपल्याकडे तर याच विषयावर एक संगीत नाटक आहे, आणि तेही आपल्या विदर्भातल्या माणसाने लिहिलेलं. 'कट्यार काळजात घुसली'. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत मूर्तिजापूरला जन्मलेले डॉ. वसंतराव देशपांडे. पहिला प्रयोग १९६७ सालचा. मुलांना २०१५ चा सिनेमा माहीत असेल. दरबारात पंडितजी गातच नाहीत आणि राजगायकपद खाँसाहेबांकडे जातं. पद मिळालं, हवेली मिळाली, पण मनाला शांती काही मिळाली नाही. मान आणि गाणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे तीन तास बसून कळतं. माझ्या मते आठवीच्या पुढच्या मुलांना हे नाटक जरूर दाखवावं. त्याहून लहानांना मात्र लांबलचक ताना जड जातील.

चिठ्ठ्यांमध्ये आणखी तीन-चार नावं होती, त्यांबद्दल थोडक्यात सांगते.

'संगीत सौभद्र' अण्णासाहेब किर्लोस्करांचं, १८८२ चं. कृष्ण, सुभद्रा, अर्जुन सगळ्यांच्या ओळखीचे. आजी-आजोबांना पदं पाठ आणि नातवंडांना कृष्णाच्या खोड्या आवडतात. लहान मुलं सोबत असतील तर माझं पहिलं मत यालाच.

'संगीत शारदा' गोविंद बल्लाळ देवलांचं, १८९९ चं. कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्याचा घाट, हा विषय. १९२९ चा शारदा कायदा या नाटकावरून आला असं पुष्कळांना वाटतं. ते नाव खरं तर हरविलास सारडा यांच्या आडनावावरून पडलं. पण नाटकाने लोकांच्या मनाची नांगरट आधीच करून ठेवली होती. घरात वयात येणाऱ्या मुली असतील त्यांनी हे बघावं आणि घरी येऊन त्यावर बोलावं.

'संशयकल्लोळ' हेही देवलांचंच. त्याची मूळ कल्पना फ्रान्सच्या मोलिएरची. नवरा-बायकोच्या संशयाचा गोंधळ. मोठी माणसं पोट धरून हसतील, पण लहान मुलं "आई, काय झालं?" विचारून भंडावतील.

आणि 'संगीत देवबाभळी'. प्राजक्त देशमुख यांच्या या नाटकाला २०२० चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. रंगमंचावर दोनच बाया, तुकोबांची आवली आणि लखूबाईच्या रूपात आलेली रखुमाई. इथे पुरस्कार आणि घरची निवड एका ठिकाणी येतात, म्हणजे तसं होतच नाही असं नाही. पण त्यात बायकांच्या मनातलं बोलणं आहे. घरातल्या कर्त्या बाईला आधी बसवा, मुलं मागे बसतील.

आता मुख्य मुद्दा. १९ चिठ्ठ्यांत एकाही चिठ्ठीवर झाडीपट्टीचं नाव नव्हतं.

आपण ऊर्जानगरात राहतो. १९८३ साली वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि साताऱ्याहून, नाशिकहून, कोकणातून, वऱ्हाडातून माणसं इथे आली. निवृत्त झाल्यावर काहींनी इथेच घर केलं, त्यातूनच आपली ही संस्था उभी राहिली. आणि इथून मूलच्या पुढे गेलं की झाडी सुरू होते. चांदा फोर्टहून गोंदियाकडे जाणारी गाडी मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडशाला पोचते. ते वडसा, म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत. दिवाळीत धान निघालं की मंडई, शंकरपट यांच्या जोडीने नाटकं सुरू होतात ती थेट होळीच्या सुमारापर्यंत. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, मैदानात कनाती लावून नाट्यगृह उभं राहतं, तिकिटं विकली जातात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. एकेकाळी संगीत नाटकं रात्र रात्र चालत. शहरातल्या नाटकांची वेळ आखडत गेली, पण झाडीने रात्र सोडली नाही.

आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या कितीतरी बाया त्याच गावांतल्या आहेत. माझ्याकडे येणारी बाई दरवर्षी दिवाळीनंतर सांगते, "मॅडम, गावात नाटक आहे, घरी पाहुणे येतेत, दोन दिवस नाही येत मी." आपण काय म्हणतो? "नाटकासाठी सुट्टी?" पण तिच्या गावी नाटकाच्या दिवशी घरोघरी पाहुणे भरतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीसुद्धा जुळतात. ते नाटक म्हणजे तिथला सण असतो. आपल्या पोळ्याला, गणपतीला ती सुट्टी मागत नाही, ह्याची आपण कधी नोंद घेतली का?

आणि पुरस्काराचंच म्हणाल, तर तोही झाडीकडे आलेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्याचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हजारो प्रयोग केलेला हा कलावंत, लोक त्यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणतात. राष्ट्रपती भवनापर्यंत पोचलेली ही रंगभूमी आपल्या गेटपर्यंत अजून पोचली नाही. दोष कुणाला द्यायचा नाही. पण आपली मुलं बारावी झाली की पुण्याला जातात. तिथे कुणी विचारलं, "चंद्रपूरचे ना तुम्ही? मग झाडीपट्टीचं नाटक कसं असतं?" तर त्यांच्याकडे उत्तर असावं, एवढीच माझी इच्छा आहे. २५ वर्षं ज्या मातीवर राहिलो, तिचं एक नाटक तरी बघितलेलं असावं.

काही भगिनींनी मला जिन्यात गाठून विचारलं, "ताई, तिथे डान्स असतो म्हणे?" असतो. काही कंपन्या लावण्या, नाचगाणी मध्ये घालतात आणि झाडीतले जुने कलावंत स्वतःच त्यावर नाराज आहेत. म्हणून निवड करायची. गावच्या मंडळाला फोन करून विचारायचं : नाटकाचा विषय काय, मधल्या वेळात काय असतं, गाणी पेटी-तबल्यावर आहेत की नुसती रेकॉर्ड. ते मोकळेपणाने सांगतात. तिथल्या आयाबाया लेकरं मांडीवर घेऊन बसतातच की.

आता समितीचा प्रस्ताव.

एक : नागपूरला एक नाटक, दुपारच्या प्रयोगाला. आपल्या तारखेला 'सौभद्र' असेल तर उत्तम, नाहीतर 'देवबाभळी' किंवा 'कट्यार', जे लागलं असेल ते. वर सांगितलेल्या वयाप्रमाणे ज्याने त्याने नावं द्यावी.

दोन : झाडीतल्या एका गावात एक नाटक, शनिवारच्या रात्री, म्हणजे बहुतेकांना रविवारी झोप घेता येईल. शिफ्टवाल्यांनी आधी सांगावं, तारीख त्यांच्या सोयीने बघू. मार्गशीर्ष-पौषाची थंडी असते, तेव्हा स्वेटर, कानटोपी, घोंगडी घ्या. ज्येष्ठांसाठी खुर्चीची तिकिटं काढू. महिलांच्या सोयीबद्दल मंडळाशी आधी बोलून घेऊ. परत येताना पहाट होईल आणि आपल्याकडे वाघ-बिबट्यांचा वावर आहे, म्हणून बस प्रत्येकाला इमारतीच्या दारापर्यंत सोडेल. गेटवर उतरून कुणी पायी निघायचं नाही.

तीन : दोन्ही सहलींत आपल्या वॉचमनच्या आणि घरकामाच्या बायांच्या कुटुंबांसाठी बसमध्ये जागा राखून ठेवावी, त्यांचा खर्च महोत्सव निधीतून व्हावा. झाडीतल्या गावात तर त्याच आपल्या वाटाड्या असतील. गाव त्यांचं, आपण पाहुणे.

निधी मर्यादित आहे, याची मला कल्पना आहे. एकाच सहलीचे पैसे पुरणार असतील, तर सभेने झाडीचं नाटक निवडावं अशी माझी विनंती आहे. नागपूरची नाटकं पुढेही बघता येतील. रौप्यमहोत्सव एकदाच येतो, आणि शेजाऱ्याच्या घरी एकदा तरी जायला पाहिजे.

हा प्रस्ताव मी सभेपुढे ठेवते. अनुमोदन आणि चर्चा आपल्याकडे. नावनोंदणीची वही वॉचमनच्या टेबलावर ठेवली आहे. नावापुढे वय लिहायला विसरू नका, म्हणजे निवड करायला सोपं जाईल.